सरांले विचारून आलो

दाराची घंटा वाजली तेव्हा गुणवंतराव नाकाडे सारायेव्होत होते. देहानं चंद्रपुरात, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, कोळशाची काळी पूड रोज दोनदा पुसावी लागते त्या टेबलाशी. पण वही उघडी होती आणि वहीत १९१४चा जून महिना चालू होता. रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं व्याख्यान होतं : 'महायुद्धे – कारणे आणि परिणाम'. संघातल्या लोकांबद्दल त्यांना काडीचाही आदर नव्हता. तीस-पस्तीस डोकी येत. बहुतेक चहासाठी, काही घरातल्या सुनेपासून दोन तास सुटका म्हणून, आणि दोघे केवळ प्रश्न विचारायला. हे दोघे सगळ्यांत वाईट. त्यांतला एक निवृत्त नायब तहसीलदार मागच्या वेळी उभा राहून म्हणाला होता की क्षेपणास्त्रं आपल्याकडे पुराणकाळीच होती, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. हेच लोक सकाळी फिरून आल्यावर, पायातले बूटही न काढता, मोबाइलवर बाण काढलेले नकाशे एकमेकांना पाठवत आणि युक्रेनमधली गावं जिंकत किंवा हरत. त्या गावांची नावं त्यांना धड उच्चारताही येत नसत. गुणवंतरावांना येत. ते नेमके उच्चार करत आणि समोरच्याचा चेहरा बघत. वडशाच्या कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाजवळ एवढंच सुख उरतं, आणि तेही त्यांना पुरेसं वाटत आलं होतं.

दारात साठीचा एक माणूस उभा होता. स्वच्छ धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट, गळ्यात दुपट्टा, हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. "मी शालिकराम, सर. भूपेशचा बाप. पिंपळटोल्याचा भूपेश भानारकर, तुमच्या हाताखाली शिकला वडशाले." सोफ्यावर बसायला सांगितलं तरी तो खाली फरशीवर बसला. फडक्यातले दोन मरळ मासे त्यानं गुणवंतरावांच्या पत्नीच्या, भागीरथाबाईंच्या हातात दिले. "सकाळीच काढले, बाई. रिकाम्या हातानं कसा येऊ." गुणवंतरावांना अशा मंडळींचा कंटाळा होता. मुलाचा दाखला, मुलाची शिफारस, मुलीसाठी वसतिगृहात जागा. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी यांना वाटतं की सरांच्या खिशात अजून कॉलेज आहे. ते वहीत बोट घालून उभे राहिले, म्हणजे माणसाला कळावं की वेळ थोडा आहे.

"पोट्टा गेला, सर," शालिकराम म्हणाला.

"कुठं गेला?"

विचारलं आणि त्याच क्षणी त्यांना कळलं. शालिकरामनं मात्र प्रश्न सरळ घेतला. सर विचारतात त्या अर्थी त्याला उत्तर असलं पाहिजे. "लढाईत," तो म्हणाला. "रशियाच्या. गोदामात काम हाय म्हणून नेलं एजंटानं, आन् फौजेत घातलं." मग त्यानं वरच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढला. कागद इंग्रजीत होता, खाली रशियन शिक्का. भूपेश शालिकराम भानारकर, वय सत्तावीस, अमुक तारखेला युक्रेनच्या दोनेत्स्क भागात लष्करी कारवाईदरम्यान मृत. पार्थिव ताब्यात घेता आले नाही. गुणवंतरावांनी कागद दोनदा वाचला. कारवाईदरम्यान म्हणजे काय, बॉम्ब, गोळी की सुरुंग, हे लिहिणाऱ्याला सांगावंसं वाटलं नव्हतं, आणि भाषेतला हा थंड चुकारपणा त्यांना ओळखीचा होता. सगळ्या युद्धांचे कारकून एकाच शाळेत शिकलेले असतात.

"परवा गावानं सभा ठेवली हाय. मंग दुपारी पुतळा करून अग्नी देऊ. काया त आली नाई," शालिकराम सांगत होता. "तुमी या, सर. तुमी लोकायले सांगा, लढाई काऊन लागली. मले इचारतेत, पोट्टा कशानं मेला. म्या म्हणतो, लढाईनं. मंग इचारतेत, कोणची लढाई, काऊन लागली? मले नाई सांगता येत. बापाले इतलं त सांगता आलं पायजे ना?" बोलता बोलता त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि अगदी सहज, उठता उठता म्हणाला, "जायच्या आंधी तुमच्याकडं आलता ना थो. म्या त नाईच म्हणत होतो. नदी हाय, जाळं हाय, अर्ध्या एकरात धान हाय, कायले जाते? त म्हणे, बाबा, सरांले विचारून आलो. सर म्हणाले, काई होत नाई. मंग म्या म्हणलं, सरच म्हणतेत त जाय."

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. गुणवंतरावांनी तो शोधला. सापडला असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. तिथं निव्वळ विश्वास होता, अजूनही शाबूत, आणि त्यांना त्या माणसाचा भयंकर राग आला. एवढा विश्वास कोणी कोणावर ठेवू नये. हे अडाणीपण आहे. या अडाणीपणावरच सम्राट आणि सरसेनापती जगत आले. "येतो," ते म्हणाले, केवळ तो लवकर जावा म्हणून.

तो गेल्यावर ती दुपार त्यांच्यासमोर आली, आणि आली तशी हटेना. दोन वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आधीची. भूपेश गॅलरीतल्या याच खुर्चीत बसला होता. त्यांच्या शेवटच्या बॅचचा. बीए होऊन कुठं मोबाइलचं दुकान, कुठं पेट्रोलपंप असं करत फिरलेला. काळासावळा, खांदे रुंद, पाण्यात वाढलेल्या माणसाचे. तो म्हणाला होता, "सर, तिकडं लढाई चालू हाय म्हणतेत. आमाले गोदामात ठेवणार. काई धोका हाय का?" निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत भागीरथाबाईंनी दुधाबद्दल आणि हैदराबादच्या प्रणितनं, म्हणजे मुलानं, ब्लडप्रेशरबद्दल सोडून त्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं. ते पाऊण तास बोलले. झारच्या काळापासून सुरुवात केली. काळा समुद्र, गव्हाची कोठारं, एकोणीसशे सतरा, एक्याण्णवचं सोव्हिएत विघटन, युरोपला जाणाऱ्या वायूच्या नळ्या. आवाज कसा आपोआप भरला, हात कसे फळ्यावर लिहिल्यासारखे हवेत फिरले, ते त्यांना आता स्पष्ट दिसत होतं, दुसऱ्या कोणाचा चित्रपट पाहावा तसं. शेवटी ते म्हणाले होते, "युद्धं सेनापती संपवत नाहीत, तिजोऱ्या संपवतात. येत्या उन्हाळ्याच्या आत हे संपलेलं असेल. आणि एकाहत्तरपासून रशिया आपला मित्र आहे. तुला काय धोका? जा. इतिहास जवळून बघायला मिळेल."

इतिहास जवळून बघायला मिळेल. वाक्य छान होतं. बोलतानाच त्यांना ते आवडलं होतं आणि मुलगा गेल्यावर त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं होतं, पुढंमागं व्याख्यानात वापरता येईल म्हणून. याच माणसानं दर वर्षी वर्गात जर्मनीच्या कैसरची टिंगल केली होती. सैन्याला निरोप देताना तो म्हणाला होता, पानं गळायच्या आत तुम्ही घरी परत याल. हे सांगताना गुणवंतराव खिडकीबाहेरच्या सागाकडे बोट दाखवत आणि पोरं हसत. मूर्ख कैसर. उन्हाळ्याच्या आत.

"जाऊन या," स्वयंपाकघरातून भागीरथाबाई म्हणाल्या. त्या राख लावून मासा साफ करत होत्या. "पण तिथं कमी बोला. तुम्हाला कोणी काही विचारलं की तुमचा आवाज बदलतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. बदलतो."

ठरल्या दिवशी सकाळी चांदा फोर्ट स्टेशनवरून त्यांनी गाडी धरली. मूलच्या पुढं जंगल लागलं, मग धानाच्या कापलेल्या बांध्या, खुंट उरलेल्या, मधूनमधून कापून ठेवलेल्या कडपांचे ढीग. समोरच्या बाकावर एक तरुण मोबाइलवर मोठ्या आवाजात बातम्या पाहत होता. निवेदक ओरडत होता, तिसरं महायुद्ध कधी, आज रात्री की उद्या. आवाज कमी करायला सांगावं असं गुणवंतरावांना वाटलं, पण त्यांनी सांगितलं नाही. त्यांना तो निवेदक तुच्छ वाटला, तो तरुण तुच्छ वाटला, डब्यातले सगळे डुलक्या घेणारे लोक तुच्छ वाटले, आणि या सगळ्याखाली, मुंग्या आलेल्या पायासारखं, दुसरं काहीतरी जागं होत होतं. पहिल्या महायुद्धाची कारणं. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त तह, संकुचित राष्ट्रवाद, तात्कालिक कारण. एकतीस वर्षं त्यांनी ही पाच नावं फळ्यावर एकाखाली एक लिहिली. पोरांनी पाठ केली. पाचही लिहिली की पैकीच्या पैकी गुण, मग त्या पाचांत एकही माणूस नसला तरी चालत असे. एकदा भूपेश मागच्या बाकावरून उभा राहिला होता. "सर, सारायेव्होत मारलेल्या थ्या राजकुमाराच्या गाडीचा ड्रायव्हर रस्ता चुकला म्हणता, त थ्याचं काय झालं पुढं?" वर्ग हसला. गुणवंतराव म्हणाले, "ते परीक्षेत येत नाही. बस." तो बसला. ड्रायव्हरचं पुढं काय झालं ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं, आणि घरी जाऊन त्यांनी ते शोधलंही नव्हतं. एक कोटी मेलेल्यांचा आकडा त्यांना तोंडपाठ होता आणि त्या एका जिवंत ड्रायव्हरची त्यांना कधी उत्सुकता वाटली नव्हती. या पोराला वाटली होती.

नागभीड गेलं, ब्रह्मपुरी गेली. त्यांनी खिशातला कागद काढला. भाषणाचे मुद्दे लिहून आणले होते. शेवटचा मुद्दा : मी. एवढं एकच अक्षर. आज सगळ्या गावासमोर सांगायचं, की हा मुलगा माझ्या सांगण्यावरून गेला. माझ्या अज्ञानामुळं, माझ्या बोलण्याच्या हौसेमुळं. लोक दगड मारतील. मारू देत. असं मनात म्हणताना त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. छाती मोकळी झाली. लोकांसमोर उभं राहून आपला अपराध मान्य करणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर दिसला आणि तो उंच होता.

वडसा स्टेशनच्या भिंतीवर झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं एकावर एक चिकटवली होती. सगळ्या पोस्टरांवर रडणाऱ्या बाया आणि मिशीवाले खलनायक. तिथून ऑटोनं पिंपळटोला. गावात शिरतानाच बॅनर दिसलं. 'शहीद भूपेश भानारकर अमर रहे.' मागं तिरंगा, खाली आपल्या सैन्याचा रणगाडा, बाजूला स्थानिक पुढारी अंकुशराव यांचा हात जोडलेला फोटो, मयताच्या फोटोहून मोठा. कोणाचा शहीद? ज्या भाषेतला करार त्याला वाचता आला नाही त्या भाषेच्या देशाचा? ज्या जमिनीशी त्याचं देणंघेणं नव्हतं तिच्या ह्या बाजूचा की त्या? मंडपात दोनशे लोक होते. बाया एका बाजूला, पुढं चंदाबाई, भूपेशची आई. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती बॅनरकडे बघत होती, जणू तो दुसऱ्या कोणाच्या घरचा कार्यक्रम आहे. अंकुशराव वीस मिनिटं बोलले. भूपेशनं देशासाठी रक्त सांडलं, तालुक्याचं नाव जगाच्या नकाशावर नेलं, गावाच्या प्रवेशद्वाराला त्याचं नाव देऊ. रशिया की युक्रेन यात त्यांचा दोनदा घोटाळा झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही. गुणवंतरावांच्या आलं, आणि त्यांनी ते जपून ठेवलं.

मग ते उठले. माईक हातात आला आणि आवाज बदलला. त्यांना तो बदलताना ऐकू आला, पण थांबवता आला नाही. "बंधूंनो आणि भगिनींनो, युद्ध का होतं?" त्यांनी पहिलं कारण सांगितलं, दुसरं सांगितलं, बाया लहानग्यांना थोपटू लागल्या, मागची माणसं उठून बिडी ओढायला गेली. शालिकराम तेवढा पुढं सरकून, तोंड किंचित उघडं ठेवून, एक शब्द सुटू नये असा ऐकत होता. त्याच्याकडे न बघता गुणवंतराव शेवटच्या मुद्द्यावर आले. "आणि या मुलाच्या मृत्यूचं एक कारण तुमच्यासमोर उभं आहे. तो मला विचारायला आला होता. मी त्याला जा म्हणालो. मला काही कळत नव्हतं आणि मी कळल्यासारखं बोललो. भूपेशचा अपराधी मी आहे." ते थांबले. त्यांनी कागदाची घडी घातली. आता, असं त्यांना वाटलं. आता कोणीतरी उठेल.

एक टाळी वाजली. मग दुसरी. मग सगळ्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. अंकुशरावांनी उठून त्यांच्या खांद्यावर शाल घातली, आणि सूत्रसंचालक म्हणाला, "हा असते सरांचा मोठेपणा! असे गुरुजन आता राह्यले नाईत." शालिकरामच्या डोळ्यांत पाणी होतं. टाळ्या तोही वाजवत होता.

पुरुष मंडळी नदीवर तयारीला गेली. गुणवंतरावांना चहासाठी घरात बसवलं. कुडाच्या भिंतीचं घर, अंगणात वाळत घातलेलं जाळं. भूपेशची मोठी बहीण साधना चहा घेऊन आली. तिशीची, आष्टीला अंगणवाडीत नोकरी करणारी. तिचे डोळे कोरडे होते. कप खाली ठेवून ती गेली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

"सर, तुमी थे कायले म्हणलं माईकवर?"

"खरं होतं म्हणून."

"खरं नाई थे," साधना म्हणाली. "तुमच्याकडं आला त्याच्या आंधीच व्हिसा आलता त्याचा. तिकीट निघून राह्यलं होतं. बाबा नाई म्हणून राह्यले होते, म्हणून मोठ्या माणसाचं नाव पायजे होतं त्याले. पयले तलाठ्याचं घेणार होता. मंग म्हणे, तलाठ्याले बाबा ओळखतेत, इचारून घेतील, सरांचं घेतो." तिनं चहाच्या कपाकडे हात केला, निवेल म्हणून. "घरी येऊन हसे. म्हणे, ताई, सर पाऊण तास बोलले, म्या दुसऱ्याच गोष्टीचा इचार करत होतो. गॅलरीतून एक टॉवर दिसते म्हणे, त्याच्यावर माणूस चढून राह्यला होता. त्याच्याकडंच पाह्यत होतो म्हणे. तुमी जाऊ नको म्हणले असते तरी थो गेलाच असता. आन् बाबाले हेच सांगतलं असतं."

गुणवंतरावांनी कप उचलला आणि ठेवला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट, कोणी खिशातून काही काढून घेतल्यासारखं झालं. दोन दिवस ज्याचं ओझं वाहिलं, आगगाडीतून आणलं, दोनशे लोकांसमोर ठेवलं, ते त्यांचं नव्हतंच. पाऊण तास. झार, गहू, वायूच्या नळ्या. आणि तो टॉवरवर चढणाऱ्या माणसाकडं बघत होता. त्यांना त्या मेलेल्या मुलाचा राग आला, आणि आपल्याला असा राग येऊ शकतो हे पाहून किळस आली. "तुम्ही हे बाबांना का सांगत नाही?" त्यांनी विचारलं.

"कायले सांगू? पोट्टा खोटं बोलून गेला, हे सांगू?" साधनानं त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत द्वेष नव्हता. वर्गातल्या मंद मुलाकडं गुणवंतराव ज्या नजरेनं बघत ती नजर होती. "तुमचं नाव हाय तोपर्यंत बाबाले बरं वाटते. राहू द्या. फक्त तुमी मधात पडू नका," ती म्हणाली आणि नदीवर न्यायचं तांदळाचं टोपलं घेऊन निघून गेली.

ते एकटेच बसले होते तेव्हा चंदाबाई आली. भिंतीला धरत खाली बसली. मग बारीक आवाजात म्हणाली, "सर, एक इचारू का? तिकडं बर्फ पडते म्हणतेत. बर्फात मासा ठेवला त सडत नाई. वडशाच्या बाजारात पाह्यतो ना आमी. मंग माणूस?"

प्रश्न खरा होता. कोणाचं नाव वापरण्यासाठी विचारलेला नव्हता, कोणाला टाळ्या द्यायच्या म्हणून नव्हता. आणि गुणवंतरावांना त्याचं उत्तर येत होतं. एकतीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. "नाही सडत, बाई," ते म्हणाले. "पहिल्या महायुद्धात इटली आणि ऑस्ट्रियाचे सैनिक आल्प्सच्या बर्फात लढले. हिमकडे कोसळले, हजारो गाडले गेले. आता बर्फ वितळतो तसे ते सापडतात. शंभर वर्षांनी! अंगावर गणवेश, खिशात पत्रं. चेहरासुद्धा ओळखू येतो." आवाज भरत गेला होता, हात उठला होता. दोनेत्स्कच्या सपाट मुलखात आल्प्स नाहीत, तिथं मार्चनंतर गुडघाभर चिखल होतो आणि जुलैत कडक ऊन पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. कागदावरची तारीख मे महिन्याची होती. तीही त्यांना ठाऊक होती. पण चंदाबाई त्यांच्याकडं बघत होती, भूपेशनं कधी पाहिलं नसेल असं बघत होती, आणि चिखलाचं आणि उन्हाचं सांगायचं राहून गेलं.

"चेहरा ओळखू येते," ती म्हणाली.

"येतो."

ती उठली. पदर खोचला आणि अंगणातून सरळ नदीच्या वाटेला लागली. तिच्या चालण्यात एवढा वेग कुठून आला ते गुणवंतरावांना कळलं नाही. ते शाल सावरत बसून राहिले. अर्ध्या तासानं शालिकराम आला, पाय घोट्यापर्यंत ओल्या रेतीनं माखलेले, धाप लागलेली. तो दारातच थांबला.

"सर, काय सांगतलं तुमी तिले?"

'सर' तेवढं होतं. बाकी आवाजात दोन दिवसांपूर्वीचं काही नव्हतं.

वैनगंगेच्या रेतीत पन्नासेक माणसं गोल करून उभी होती. मध्ये रचलेली लाकडं, त्यावर पळसाच्या पानांचा माणूस, वर नारळाचं डोकं, अंगावर भूपेशचा निळा टीशर्ट. चंदाबाई लाकडांवर चढून त्याच्या छातीवर हात ठेवून बसली होती. रडत नव्हती. "सर म्हणतेत थो शाबूत हाय," ती पुन्हा पुन्हा सगळ्यांना सांगत होती. "चेहरा ओळखू येते म्हणतेत. शंभर वर्सं राह्यते. शाबूत पोट्ट्याले आग काऊन लावता? आणा त्याले. कोणी जाऊन आणा." एक म्हातारा तिला समजावत होता, अंकुशराव घड्याळ बघत होते, साधना पाण्याशी पाठमोरी उभी होती. गुणवंतराव आले तशी माणसं बाजूला झाली. त्यांना वाट मिळाली, मंडपात मिळाली होती तशीच. सगळे त्यांच्याकडं बघत होते. चंदाबाईच्या चेहऱ्यावर उजेड होता, आणि तो त्यांनी लावलेला होता. या वेळी नक्की त्यांनीच.

त्यांना पाच वाक्यं सुचली. पाचही चांगली होती. ते लाकडांजवळ गेले, रेतीत पाय रुतत होते.

"बाई," ते म्हणाले, "मले माहीत नाई. म्या पाह्यलं नाई तिकडचं काई. दुसऱ्या लढाईचं पुस्तकात वाचलं होतं. इथी थे लागू नाई. तिथी मे महिन्यात बर्फ नसते."

तिला ते कळायला वेळ लागला. हात पानांवर तसाच होता. मग ती त्यांच्याकडं वळली, आणि तिच्या तोंडावरचा उजेड गेला तरी नजर हटली नाही. आरडाओरडा तिनं केला नाही. बाजारात कोणी शिळा मासा ताजा म्हणून पुढं केला तर करावं तसं तिनं तोंड किंचित वळवलं.

"मंग सांगता काऊन?"

साधनानं येऊन आईला दोन्ही काखांत धरून खाली उतरवलं. निळ्या टीशर्टाची वर सरकलेली कड शालिकरामनं नीट केली, ती खाली ओढली, आणि पेटतं लाकूड हातात घेतलं. ओली पानं आधी नुसती धुरकटली. वारा नदीवरून येत होता. धूर सगळा गुणवंतरावांच्या बाजूला येऊ लागला. माणसं तिथून सरकली, कोणी त्यांना सरका म्हणालं नाही. पानांनी पेट घेतला तेव्हा दोन्ही हातांनी शाल धरून ते खोकत होते, आणि त्यांच्याकडं कोणीही बघत नव्हतं.